ज्यूद्वेष आणि नगरपालिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायदे संसद करते, तपास पोलिस करतात, शिक्षा न्यायालय सुनावतं. मग ज्यूद्वेषाच्या बाबतीत नगरपालिकेच्या हाती उरतं काय, असं बरेच जण विचारतात. खरं तर रोजच्या जगण्याला लागून असलेलं बहुतेक सगळं तिच्याच हाती असतं. भिंतीवरची घाण कोणी पुसायची, प्रार्थनास्थळासमोरचा बंद दिवा कधी दुरुस्त होणार, सभागृह कोणाला भाड्याने द्यायचं, तक्रार घेऊन आलेल्या माणसाशी खिडकीपलीकडचा कारकून कसा बोलणार, हे सगळं तिथेच ठरतं. नगरसेवक, पालिकेचे कर्मचारी, शाळा चालवणारी मंडळी आणि साधे शेजारी यांना पडणारे प्रश्न खाली घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक ब्रिटन, अमेरिका आणि जर्मनीतली आहेत. कायदा देशागणिक बदलतो, पालिकेसमोरचे पेच मात्र बरेचसे सारखेच असतात.

ज्यूद्वेष ओळखायचा कसा?

शिवीगाळ, मारहाण, दफनभूमीतले दगड पाडणं, सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) दारावर नाझी चिन्ह काढणं हे ओळखायला कोणाची मदत लागत नाही. अडचण येते ती कटकारस्थानाच्या गोष्टींशी. बहुतेक वंशद्वेषात समोरच्याला हीन ठरवलं जातं. ज्यूंच्या बाबतीत त्याच्या जोडीला उलटा आरोपही असतो: माणसं मूठभर, पण बँका, वर्तमानपत्रं आणि सरकारं यांच्याच खिशात. त्यामुळे हा द्वेष 'सत्तेला प्रश्न विचारतोय' असा साळसूद वेश घेऊन फिरतो, आणि एरवी वंशवादाच्या नावाने बोटं मोडणारी शिकलेली माणसंही तो सहज बोलून जातात.

ही गोष्ट फार जुनी आहे. 1348-49 मध्ये युरोपात प्लेग पसरला तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालवलं अशी आवई उठली. स्ट्रासबुर्गच्या नगर परिषदेने आपल्या ज्यू रहिवाशांना संरक्षण द्यायचं ठरवलं, तर कारागिरांच्या संघांनी ती परिषदच उलथून टाकली आणि फेब्रुवारी 1349 मध्ये शेकडो ज्यूंना जाळण्यात आलं. स्थानिक सत्ता कोणाच्या हाती आहे याने काय फरक पडतो, याचं याहून कडू उदाहरण सापडणं कठीण. पुढे 1903 मध्ये रशियात ज्यूंच्या जागतिक कटाचं 'इतिवृत्त' म्हणून एक बनावट दस्तऐवज छापला गेला. 1921 मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने ती उचलेगिरी असल्याचं पुराव्यानिशी दाखवलं, तरी तो आजही फिरतो. कोविडच्या साथीत विहिरीच्या त्याच गोष्टीच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. 27 ऑक्टोबर 2018 रोजी पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये 11 जणांना ठार मारणारा माणूस, ज्यू संस्था निर्वासितांना देशात आणतात या रागाने पेटलेला होता.

पालिकेच्या पातळीवर हे फार किरकोळ रूपात दिसतं. 'टेंडर त्यांनाच मिळणार, पैसा त्यांचाच ना', 'त्यांची वरपर्यंत पोच आहे' अशी वाक्यं येतात. सर्वसाधारण सभेत असं काही निघालं तर अध्यक्षांनी तिथल्या तिथे हटकावं. नंतर इतिवृत्तातून शब्द काढून टाकण्याने फारसं काही साधत नाही.

इस्रायलवर टीका केली की तो ज्यूद्वेष होतो का?

नाही. इस्रायलच्या सरकारवर, लष्करावर, वसाहतींच्या धोरणावर कितीही कडक टीका करता येते. इस्रायलमधले ज्यू नागरिक ती रोज करतात.

रेषा ओलांडली जाते ती लक्ष्य बदललं की. गल्लीतल्या ज्यू दुकानदाराला दुसऱ्या देशाच्या सरकारबद्दल जाब विचारणं, निषेधासाठी वकिलातीऐवजी सिनेगॉग किंवा ज्यू शाळा निवडणं, वर्गातल्या ज्यू मुलीला 'आधी तुझी भूमिका सांग' म्हणणं, हे टीकेत बसत नाही. शतकानुशतकं 'ज्यू' म्हणून जी वाक्यं बोलली गेली तीच आता 'झायोनिस्ट' (ज्यू राष्ट्राचे समर्थक) म्हणून बोलली, तर तेही बसत नाही. ब्रिटनमधल्या कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्ट या संस्थेने 2022 मध्ये 1,662 ज्यूद्वेषी घटना नोंदवल्या होत्या. 2023 च्या तिच्या अहवालात हा आकडा 4,103 झाला. त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश 7 ऑक्टोबरपासून (त्या दिवशी हमासने इस्रायलवर हल्ला केला) पुढच्या होत्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की वाढ हमासच्या हल्ल्याच्या दिवसापासूनच सुरू झाली, गाझातली इस्रायलची जमिनीवरची कारवाई त्यानंतरची.

उलट बाजूची चूकही होते. प्रत्येक पॅलेस्टिनी झेंडा, प्रत्येक घोषणा ज्यूद्वेषी ठरवणारी पालिका दोन नुकसानं करते: कायदेशीर निषेध दाबते, आणि खरा ज्यूद्वेष घडेल तेव्हा तिच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

मग पालिकेने परराष्ट्र प्रश्नांवर ठराव करूच नयेत का?

हा राजकीय निर्णय आहे. लेस्टर शहराच्या कौन्सिलने 2014 मध्ये वेस्ट बँकमधल्या इस्रायली वसाहतींच्या मालावर बहिष्काराचा ठराव केला. त्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि 2018 मध्ये अपील न्यायालयाने कौन्सिलच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे असा ठराव केला की तो आपोआप ज्यूद्वेष ठरतो असं नाही. पण कायद्यात बसतं ते शहाणपणाचं असतंच असंही नाही. ठराव करणारच असाल तर आधी गावातल्या ज्यू आणि मुस्लिम दोन्ही मंडळींशी बोला, चर्चेच्या रात्री सभागृहात कोण काय ओरडेल याची तयारी ठेवा, आणि ठरावाच्या मसुद्यात 'सरकार' म्हणायचं तिथे 'ज्यू' किंवा 'इस्रायली लोक' असं काही घुसलं नाही ना, हे कोणाकडून तरी तपासून घ्या.

आम्ही कोणती व्याख्या स्वीकारावी?

सर्वाधिक वापरात आहे ती आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) स्मरण आघाडीची, 26 मे 2016 रोजी मान्य झालेली कार्यकारी व्याख्या. तिच्यासोबत 11 उदाहरणं आहेत आणि वाद आहे तो त्यातल्या इस्रायलविषयीच्या उदाहरणांवर. ती कायदेशीररीत्या बंधनकारक नाही असं तिच्यातच म्हटलेलं आहे, तसंच इतर कुठल्याही देशावर होते तशी टीका इस्रायलवर केली तर ती ज्यूद्वेषी मानता येणार नाही, असंही. तिच्या मसुद्याचं मुख्य काम केलेले केनेथ स्टर्न यांनीच पुढे विद्यापीठांत बोलण्यावर बंधनं घालायला ती वापरण्याला विरोध केला. त्या वादातून मार्च 2021 मध्ये अभ्यासकांनी जेरुसलेम जाहीरनामा हा पर्याय मांडला.

व्याख्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला आणि तक्रारींचं वर्गीकरण करायला उपयोगी पडते. कोणाचं अनुदान बंद करायचं किंवा कोणाला सभागृह नाकारायचं, हे तिच्यावरून ठरवायला गेलात की कोर्टाची पायरी चढावी लागते. आणि वर्षभर व्याख्येवर भांडून बाकी काहीच न करणाऱ्या पालिकाही असतात.

घटना घडली. पहिल्या दिवशी काय करायचं?

आधी माणूस. ज्याच्या घरावर दगड पडला किंवा ज्याच्या दारावर काही लिहिलं गेलं, त्याला महापौरांचा किंवा मुख्याधिकाऱ्यांचा फोन पत्रकारांच्या आधी गेला पाहिजे. त्याला प्रसिद्धी हवी आहे की नको, हेही त्यालाच विचारायचं.

मग भिंत. फोटो काढा, पोलिसांनी पुरावा घेतला याची खात्री करा, आणि पुसा. अनेक ब्रिटिश पालिकांचा वंशद्वेषी मजकूर 24 तासांत पुसायचा नियम आहे. तो नियम कागदावर असून उपयोग नाही, शनिवारी संध्याकाळी रंगाचा डबा आणि माणूस कुठून आणायचा हे ठरलेलं असलं पाहिजे. खाजगी मालमत्तेवरचा मजकूर पालिकेने पुसायचा की मालकाने, यावर दोन दिवस कागद फिरतात आणि तोवर शाळेत जाणारी सगळी मुलं ती भिंत वाचून झालेली असतात. मालकाची लेखी संमती घेऊन पालिकेनेच पुसावी, खर्चाचं नंतर बघावं.

निवेदन काढायचं तर त्यात 'ज्यूद्वेष' हा शब्द असू द्या. 'सर्व प्रकारच्या द्वेषाचा आम्ही निषेध करतो' एवढंच लिहिलेलं पत्रक ज्याच्यावर हल्ला झाला त्याला टोलवाटोलवी वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

निषेधाच्या ठरावाने काही होतं का?

एकट्या ठरावाने फारसं नाही. मॉन्टाना राज्यातल्या बिलिंग्ज शहराचं उदाहरण यासाठी नेहमी दिलं जातं. 1993 मध्ये तिथे वर्णवर्चस्ववादी टोळ्यांनी ज्यू दफनभूमीची नासधूस केली, एका मूलनिवासी कुटुंबाच्या घरावर द्वेषाचा मजकूर रंगवला (रंगाऱ्यांच्या संघटनेच्या स्वयंसेवकांनी येऊन तो पुसला), आणि डिसेंबरमध्ये एका ज्यू घराच्या खिडकीत हनुक्का या ज्यू सणाची मेनोराह (दीपदान) लावलेली पाहून वीट फेकली. खोली लहान मुलाची होती. पोलिसप्रमुख वेन इनमन यांनी हे किरकोळ पोरकटपणाचे प्रकार नाहीत असं आधीपासून जाहीरपणे सांगितलं होतं. स्थानिक वर्तमानपत्राने पानभर मेनोराहचं चित्र छापलं आणि हजारो बिगरज्यू घरांनी ते आपापल्या खिडक्यांत चिकटवलं. त्यानंतरही काही खिडक्या फुटल्या, पण लोकांनी चित्रं काढली नाहीत आणि प्रकार हळूहळू थंडावले.

यात पालिकेचा वाटा कुठे? पोलिसप्रमुख, चर्च, कामगार संघटना, वर्तमानपत्र यांची एकमेकांशी आधीच ओळख होती आणि वीट पडण्यापूर्वीच त्यांच्या बैठका झाल्या होत्या. अशी ओळख ठरावाने होत नाही. ती कोणीतरी पगारी माणसाने महिन्या-दोन महिन्यांनी लोकांना एकत्र बसवल्याने होते.

गुन्ह्यांची नोंद पोलिस ठेवतात. पालिकेने वेगळी वही का ठेवावी?

कारण बहुतेक जण पोलिसांकडे जातच नाहीत. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने 2018 मध्ये 12 देशांतल्या ज्यूंची पाहणी केली. ज्यांना ज्यूद्वेषी छळ सोसावा लागला त्यांच्यातल्या 79 टक्के लोकांनी सर्वांत गंभीर प्रसंगही कुठेच नोंदवला नव्हता. 'काही होणार नाही' हे एक नेहमीचं कारण.

शिवाय बऱ्याच घटना गुन्ह्याच्या व्याख्येत बसत नाहीत. बसमध्ये टोपी पाहून मारलेला टोमणा, दारात टाकलेलं पत्रक, पोहण्याच्या तलावावर झालेली टिंगल. पोलिसांच्या दप्तरी याला जागा नसते. पण एकाच बसमार्गावरून महिन्यात पाच टोमणे आले तर तिथे काहीतरी शिजतंय, हे कळायला वहीच लागते. बर्लिनमध्ये 2015 मध्ये सुरू झालेलं रिआस हे नोंदणी केंद्र याच धर्तीवर गुन्हा नसलेल्या घटनाही टिपतं, आणि नंतर जर्मनीच्या इतर राज्यांतही अशी केंद्रं निघाली. वाचनालय, आरोग्य केंद्र, एखादी सामाजिक संस्था अशा ठिकाणी तक्रार घ्यायची सोय ठेवली तर माणसं येतात. तक्रारदाराला पुढे काय झालं ते कळवायचं मात्र विसरू नका.

द्वेष पसरवणाऱ्यांच्या मोर्चाला परवानगी नाकारता येते?

देशावर अवलंबून. जर्मनीत नाझी चिन्हं आणि होलोकॉस्टचा इन्कार हा गुन्हाच आहे. अमेरिकेत अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारी घटनेची पहिली दुरुस्ती आड येते, आणि शिकागोजवळच्या स्कोकी गावाइतका महागडा धडा कोणी घेतला नसेल. 1977 मध्ये नाझी गटाने तिथे मोर्चाची परवानगी मागितली. सुमारे 70,000 वस्तीच्या गावात जवळजवळ 40,000 ज्यू, त्यात छळछावण्यांतून वाचलेले हजारो. गावाने साडेतीन लाख डॉलरच्या विम्याची अट घातली, गणवेशाला बंदी घातली. न्यायालयांनी ते सगळं रद्द केलं. शेवटी नाझी स्कोकीत आलेच नाहीत, शिकागोत जमले. पण कोर्टबाजीने त्या मूठभर लोकांना जगभर प्रसिद्धी मिळाली.

स्कोकीतल्या वाचलेल्या मंडळींनी पुढे जे केलं ते अधिक टिकलं. त्यांनी 1981 मध्ये संस्था काढली, शाळांत जाऊन बोलायला लागले, आणि 1990 मध्ये इलिनॉय हे होलोकॉस्टचं शिक्षण सक्तीचं करणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं. 2009 मध्ये त्याच गावात संग्रहालय उभं राहिलं.

बंदी घालता येत नसेल तिथेही वेळ, मार्ग, अंतर, ध्वनिक्षेपक यांच्या अटी घालता येतात, फक्त त्या सगळ्यांना सारख्याच लागू हव्यात. प्रार्थनेच्या वेळी प्रार्थनास्थळाच्या दारात जमाव नको, ही अट मशिदीलाही लागू असेल तर कोर्टात टिकण्याची शक्यता वाढते.

सुरक्षेसाठी पालिका काय करू शकते?

9 ऑक्टोबर 2019, योम किप्पुरचा, म्हणजे ज्यूंचा सर्वांत पवित्र दिवस. जर्मनीतल्या हाले शहरात बंदूकधारी सिनेगॉगच्या दारावर आला. बाहेर पोलिस नव्हते. दार टिकलं म्हणून आतली पन्नासेक माणसं वाचली. चिडून त्याने रस्त्यावर एक महिला आणि कबाबच्या दुकानात एक तरुण अशा दोघांना मारलं. सहा वर्षांनी, 2 ऑक्टोबर 2025 रोजी, पुन्हा योम किप्पुरलाच मँचेस्टरच्या हीटन पार्क सिनेगॉगवर हल्ला झाला आणि दोन भाविक गेले.

म्हणून सणांची यादी पोलिस ठाण्यात आणि पालिकेत वर्षाच्या सुरुवातीला लागलेली हवी. दार, कॅमेरा, कुंपण यांसाठी ब्रिटन आणि अमेरिकेत सरकारी अनुदानं आहेत, पण अर्ज किचकट असतात आणि बांधकामाची परवानगी पालिकेतच अडते. ती फाइल वर काढा. रस्त्यावरचे दिवे, वाहनं रोखणारे खांब, सणाच्या दिवशी पार्किंग बंद ठेवणं, ही कामं तर आपलीच.

सण आणि तारखांचं एवढं काय?

हिब्रू पंचांग चांद्र-सौर आहे, 19 वर्षांत सात वेळा अधिक महिना येतो, त्यामुळे इंग्रजी तारखा दरवर्षी सरकतात. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणजे सणाच्या 'आदल्या' संध्याकाळची बैठकही सणातच येते. रोश हशाना (ज्यू नववर्ष) आणि योम किप्पुर सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतात, नेमके शाळा आणि कार्यालयं नव्या जोमात असताना. परीक्षा, जनसुनावणी, भरतीच्या मुलाखती ठेवताना पंचांग पाहायला दोन मिनिटं लागतात. यात कोणी द्वेषाने वागत नाही, पण दरवर्षी तेच घडलं की परिणाम तोच.

आमच्या पालिकेतच ज्यूद्वेष असू शकतो?

असू शकतो, आणि तो बहुधा नगररचना खात्यात भेटतो. सनातनी ज्यू शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) घराबाहेर काही वाहून नेत नाहीत, अगदी बाबागाडीही ढकलत नाहीत. विजेच्या खांबांवर पट्ट्या आणि तारा लावून प्रतीकात्मक सीमा आखली, जिला एरुव्ह म्हणतात, की ती अडचण सुटते. न्यू जर्सीतल्या टेनाफ्लाय गावाने खांबांवरच्या या काळ्या पट्ट्या काढायचा आदेश दिला, कारण खांबांवर काही लावायला नियमात बंदी. पण त्याच खांबांवर घरांचे क्रमांक, चर्चच्या दिशादर्शक पाट्या, हरवलेल्या प्राण्यांच्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षं चालत होत्या. 2002 मध्ये अपील न्यायालयाने गावाला खडसावलं. काही रहिवाशांची खरी भीती होती ती सनातनी ज्यूंची वस्ती वाढेल ही.

सगळा विरोध द्वेषातून येतो असं नाही. पार्किंगच्या तक्रारी खऱ्याही असतात. तपासायचं एवढंच की हाच नियम दुसऱ्या कोणाला लावला होता का.

ज्यू समाजाशी बोलायचं म्हणजे कोणाशी?

एकट्या रब्बींशी (धर्मगुरूंशी) नाही. सनातनी, सुधारणावादी, धर्म न पाळणारे, इस्रायलचे कट्टर समर्थक, कट्टर टीकाकार, सगळे असतात. गुंटर डेम्निग या कलाकाराने 1992 पासून नाझींच्या बळींच्या घरांसमोर पदपथात पितळी स्मृतिशिळा बसवायला सुरुवात केली, युरोपभर त्या एक लाखाच्या वर गेल्या. बहुतेक शहरांनी स्वागत केलं. म्युनिक शहराने 2004 मध्ये सार्वजनिक जागेत त्यांना नकार दिला, कारण तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लोट क्नोब्लोख, ज्या स्वतः होलोकॉस्टमधून वाचलेल्या, म्हणाल्या की बळींची नावं पुन्हा पायदळी येता कामा नयेत. इतर ज्यू कुटुंबांना मात्र शिळा हव्या होत्या. शहराने 2018 पासून भिंतीवर आणि खांबांवर फलक लावायचा मार्ग काढला. सगळे खूश झाले नाहीत, तरी दोन्ही बाजूंना विचारलं गेलं होतं.

भिंतीवरचं प्रत्येक स्वस्तिक द्वेषाचंच समजायचं का?

हिंदू, जैन आणि बौद्ध घरांच्या दारावरचं स्वस्तिक शुभचिन्ह आहे, आणि ते माहीत नसल्याने गैरसमज होतात. कॅलिफोर्नियाने 2022 मध्ये आपल्या कायद्यात नाझी चिन्ह आणि या धर्मांचं स्वस्तिक यांत स्पष्ट फरक केला. सफाई कर्मचाऱ्यांना आणि शिक्षकांना दोन्हींची चित्रं दाखवून ठेवा. सिनेगॉगच्या भिंतीवर रात्रीतून काढलेलं चिन्ह मात्र शुभ कसं ठरतं हे तपासायची गरज नसते.

'एकाच समाजाचे लाड का?' असं विचारलं तर?

ब्रिटनच्या 2010 च्या समता कायद्यात याचं बरं उत्तर आहे. सार्वजनिक संस्थांनी भेदभाव संपवायचा, समान संधी वाढवायची आणि समाजा-समाजात चांगले संबंध जोपासायचे, हे कर्तव्य सगळ्या संरक्षित गटांसाठी आहे. वही, 24 तासांचा नियम, सणांची यादी, सुरक्षेची फाइल हे सगळं मशीद, मंदिर, गुरुद्वारा यांनाही तसंच उपलब्ध ठेवा. मुस्लिमद्वेषाचं काम वेगळं करा, पण ज्यूद्वेषाचा उल्लेख आला की लगेच तोलायला दुसरा उल्लेख जोडू नका, आणि उलटही.

आमच्याकडे ज्यू राहतच नाहीत. तरी?

तरी शाळेत कटाच्या गोष्टी फिरतातच. ग्रंथपाल आणि शिक्षकांचं प्रशिक्षण तेवढं करा.

फरक पडला हे कळणार कसं?

नोंदणी सुरू केल्यावर पहिल्या वर्षी आकडा वाढला तर घाबरू नका, बहुधा लोक आता येऊन सांगू लागले आहेत असाच त्याचा अर्थ असतो. 'शून्य घटना' दाखवणाऱ्या गावाबद्दल शंका घ्यावी. भिंत किती तासांत पुसली, तक्रारदाराला उत्तर किती दिवसांत गेलं, किती कर्मचाऱ्यांनी प्रशिक्षण पुरं केलं, हे आकडे पालिकेच्या हातातले आहेत, ते दर तिमाहीत सभेपुढे ठेवा. तक्रारी वाढल्याची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात येईलच, त्यामुळे जनसंपर्क अधिकाऱ्याने तिचं स्पष्टीकरण अहवालासोबतच जोडलेलं बरं.